दावण, चाडे आणि शंभर दाणे

साताऱ्याहून पंढरपूरच्या वाटेला लागलेला प्रवासी कोरेगाव मागे टाकून वर्धनगडाचा घाट ओलांडू लागला, की कृष्णाकाठची हिरवळ हळूहळू विरत जाते, आणि पिढ्यानपिढ्या माणसांना पाण्याचा हिशेब व जनावरांना काटकपणा शिकवणारा खटाव तालुक्याचा उघडा, मुरमाड, पर्जन्यछायेतला मुलूख समोर पसरतो. या मुलखात येरळा नदीच्या काठी पुसेगाव वसले आहे. मार्गशीर्ष महिन्यात सेवागिरी महाराजांची यात्रा भरली म्हणजे या गावाचे रूप पालटते. वद्य दशमीला महाराजांचा रथ निघतो आणि त्यावर भाविक नोटांच्या माळा वाहतात. परंतु आपल्या प्रकरणाचा विषय रथापलीकडच्या माळावर आहे. तेथे एका अंगाला खिल्लार जनावरांच्या दावणी लागतात आणि दुसऱ्या अंगाला शेतकी प्रदर्शनाचा मंडप उभा राहतो. देवदर्शन आटोपून, पाळण्यात बसून आणि भेळ खाऊन परतणाऱ्या कुटुंबांपैकी पुष्कळांची पावले या दोन ठिकाणी एक तर वळतच नाहीत, किंवा वळली तरी फक्त कर्त्या पुरुषाची वळतात. ही चूक मोठी आहे असे मला वाटते, आणि ती का मोठी आहे हे सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहीत आहे.

प्रथम एका शेजाऱ्याची आठवण करावी लागेल. याच खटाव तालुक्यात, पुसेगावाजवळ, कटगुण नावाचे गाव आहे आणि ते महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव होय. जोतीरावांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याचे जे विदारक वर्णन केले आहे ते सर्वांना ऐकून तरी ठाऊक असते. परंतु त्याच ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी सरकारला ज्या सूचना केल्या, त्यांच्याकडे तितके लक्ष जात नाही. दरवर्षी श्रावणात प्रदर्शने भरवावीत, आश्विनात उभ्या पिकांची आणि औते हाकण्याची परीक्षा घ्यावी आणि जे शेतकरी उत्तम ठरतील त्यांना बक्षिसे देण्याची वहिवाट घालावी, ही त्यांपैकी एक. शेतकऱ्याचे ज्ञान हे परीक्षा घेण्याजोगे, बक्षीस देण्याजोगे आणि चारचौघांत मांडून दाखवण्याजोगे ज्ञान आहे, हा त्या सूचनेतला गाभा. आणि ज्या काळात रयतेकडे केवळ साऱ्याच्या वसुलीच्या दृष्टीने पाहिले जाई, त्या काळात हे म्हणणे किती पुढचे होते हे निराळे सांगायला नको.

आजची जत्रा श्रावणाऐवजी मार्गशीर्षात भरते ती तिथीमुळे. पण तिथीही शेतीच्या सोयीची पडली आहे. खरिपाचे धान्य घरात आलेले असते, रब्बीची ज्वारी रानात वाढीला लागलेली असते, रस्ते कोरडे असतात, आणि हातात चार पैसे व चार दिवसांची उसंत असते. बैल विकत घ्यायचा तो याच दिवसांत आणि पुढच्या हंगामाची मसलत करायची तीही याच दिवसांत.

मुलांना घेऊन आधी मंडपात शिरू नये. आधी दावणीकडे जावे. जनावर हे स्वतःच एक पुस्तक आहे आणि ते वाचायला अक्षरओळख लागत नाही. खिल्लार ही या भागाची अस्सल अवलाद. खिल्लार या शब्दाचा मूळ अर्थच जनावरांचा कळप असा आहे. आटपाडी महाल आणि म्हसवड या परिसरांची नावे या जातीच्या दोन प्रसिद्ध प्रकारांना मिळाली आहेत, आणि ही दोन्ही ठिकाणे पुसेगावापासून फार दूर नाहीत. पांढुरका किंवा करडी झाक असलेला रंग, अंगाला घट्ट बसलेले कातडे, काळे टणक खूर आणि मागे झुकून मग वर डौलात गेलेली टोकदार शिंगे ही त्याची लक्षणे मुलांना बोटाने दाखवावीत. मग विचारावे, की या जनावराची गाय दूध फार देत नाही, तरी शेकडो वर्षे लोकांनी ती का सांभाळली? उत्तर समोरच्या माळावर आहे. जेथे पाऊस तोकडा, वैरण बेताची आणि वाट लांबची, तेथे चपळ चालीचे व उन्हाला न हटणारे जनावरच उपयोगी पडले. तिकडे नाशिक-अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात, जेथे पाऊस धो धो कोसळतो, तेथील डांगी जनावराच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि त्यामुळे त्याचा पावसापासून बचाव होतो. भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यमानाचा नकाशा पाहून जे मुलाच्या ध्यानात राहत नाही, ते या दोन कातड्यांची गोष्ट ऐकून कायमचे राहते.

दावणीवरचा सर्वांत मनोवेधक पाठ दातांचा. गिऱ्हाईक आणि मालक यांच्यात बोलणी सुरू होण्यापूर्वी जाणता माणूस बैलाचा जबडा उघडतो, क्षणभर पाहतो आणि ‘दुसा’ किंवा ‘चौसा’ असा एकच शब्द उच्चारतो. एका दावणीशी उभी असलेली सात-आठ वर्षांची मुलगी हे पाहून आजोबांना विचारीत होती, “आबा, ह्याचे वरचे दात पडले का?” आणि आबा सांगत होते, “पडले न्हाईत पोरी, आलेच न्हवते.” त्या एका उत्तरात प्राणिशास्त्राचा एक धडा होता. गाय, बैल, म्हैस, शेळी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तेथे एक टणक गादी असते. खालच्या जबड्यात मात्र पुढे आठ दात असतात. जन्मानंतर येतात ते दुधाचे दात. ते असेतोवर जनावर आदत म्हणवले जाते. साधारण दोन-अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन दात पडून त्यांच्या जागी रुंद, पक्के दात येतात, तेव्हा ते दुसा होते, तिसऱ्या वर्षाच्या आसपास चार पक्के दात आले की चौसा, मग सहादाती, आणि साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास आठही दात पुरे झाले की ‘जुळला’ असे म्हणतात. त्यानंतर वय ओळखायचे ते दातांच्या झिजेवरून आणि तेथे अनुभवाची कसोटी लागते. जन्माचा दाखला नसलेल्या प्राण्याचे वय त्याच्या मुखातून वाचण्याची ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही; ती दावणीवरच शिकावी लागते. मालकाला नम्रपणे विचारले तर तो दात दाखवायला सहसा नाही म्हणत नाही. मुलांनी मात्र बैलाच्या मागून कधी जाऊ नये, समोरून किंवा बाजूने, मालक जवळ असतानाच जावे, एवढी ताकीद घरूनच द्यावी.

थोडा वेळ काढून रवंथ करणाऱ्या एखाद्या गाईसमोर बसून राहावे. खाल्लेली वैरण एक गोळा होऊन पुन्हा तोंडात येते, जबडा एका लयीत आडवा हलतो, गोळा गिळला जातो, गळ्याखालून पुढचा गोळा वर सरकताना स्पष्ट दिसतो. गाईच्या जठराचे चार कप्पे, त्यांतील पहिल्या मोठ्या कप्प्यात राहणारे सूक्ष्मजीव आणि आपल्या पोटाला न पचणाऱ्या कडब्याचे दुधात होणारे रूपांतर, हे सारे आकृतीवरून समजावण्यास शिक्षकाला एक तास लागेल. गाईसमोर बसलेल्या मुलाला निम्मे तर विचारण्यापूर्वीच समजलेले असते.

बाजारात म्हशी आल्या असतील तर पंढरपुरी म्हैस तिच्या शिंगांवरून कोणालाही ओळखता येते. ती शिंगे तलवारीसारखी खांद्याच्याही मागे जातात. कोल्हापुरात कट्ट्यांवर धारोष्ण दूध देणारी म्हैस ती हीच. व्यवहार ठरताना दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव करतात, तेही मुलांना लांबून दाखवावे. चारचौघांत आकडा न उच्चारता सौदा करण्याची ही जुनी पद्धत आहे आणि पाहणाऱ्याला तो आकडा शेवटपर्यंत कळत नाही.

आता मंडपाकडे वळावे. प्रवेशद्वाराशी बहुधा ट्रॅक्टर आणि मोठी यंत्रे चकाकत असतात, आणि मुले त्यांच्यावर चढून बसण्यासाठी आतुर झालेली असतात. त्यांना बसू द्यावे. परंतु यंत्राचे मर्म कळण्यासाठी त्याच्या पूर्वजाची ओळख हवी. मंडपाच्या एखाद्या कोपऱ्यात जुनी औते मांडलेली असली तर पाभरीपाशी थांबावे. बैलांच्या मागे ओढल्या जाणाऱ्या या साधनाच्या फणांमागे पोकळ नळ्या असतात. त्या वर लाकडी चाड्याला जोडलेल्या असतात. आणि चाड्यावर मूठ धरून चालणारे माणूस, पुष्कळ घरांत ते माणूस म्हणजे घरातली बाई, बोटांच्या फटींतून दाणे अशा बेताने सोडीत जाते की प्रत्येक नळीत सारखे बी पडावे. पावलांची गती आणि बोटांची ढील यांचा मेळ बसला नाही तर उगवण कोठे दाट, कोठे विरळ होते, आणि ती चूक पुढचे चार महिने साऱ्या गावाला शिवारात दिसत राहते. शेजारी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राकडे मग मुलांना न्यावे आणि शोधायला सांगावे, की येथे चाडे कोठे आहे, नळ्या कोठे आहेत आणि मूठ कोठे गेली. चाडे म्हणजे ही पत्र्याची पेटी. नळ्या रबराच्या झाल्या. आणि मुठीचे काम पेटीच्या तळाशी, चाकाच्या गतीने फिरणारी खाचांची चकती करते. यंत्र जितके वेगाने पुढे जाईल तितकी चकती वेगाने फिरते, म्हणून दोन दाण्यांतील अंतर बदलत नाही. कसबी बाईच्या हाताने जे साधले होते तेच लोखंडाने साधले आहे, हे मुलाला उमगले म्हणजे यंत्राचे भय जाते आणि आजीच्या हाताविषयीचा आदरही वाढतो.

नव्या औताला माणूस किती अविश्वासाने सामोरा जातो याचाही एक धडा याच परिसरात आहे. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांत पसरली आणि आरंभीचे नांगर पडून राहिले. पुढे औंधच्या संस्थानिकांनी जागा दिली आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. ते औंध आज खटाव तालुक्यातच आहे. आज ज्या नव्या वस्तूकडे पाहून आपण मान हलवतो, तिच्यासमोर उभे असताना ही हकीकत मुलांना सांगावी. मात्र नवी वस्तू प्रत्येक वेळी चांगलीच असते असे समजू नये, हेही सांगावे.

मंडपातील माझ्या मते सर्वांत मोलाचे दालन सर्वांत कमी देखणे असते. ते माती आणि बियाण्याचे. तेथे काचेच्या नळ्या, मातीच्या पुरचुंड्या आणि कोंब फुटलेले दाणे मांडलेले असतात, आणि त्यामुळे लोक तेथून झपाट्याने पुढे सरकतात. येथे कुटुंबाने निदान अर्धा तास थांबावे. मातीचा नमुना कसा घ्यावा हे तेथील कृषिसहायकाला विचारावे. शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती तासून काढायची. बांधाजवळची, झाडाखालची, जनावरे बसतात तेथली किंवा खताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. जमवलेल्या मातीचा ढीग करून त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे आणि असे करीत अर्धा किलो नमुना उरवायचा. या कृतीत संख्याशास्त्रातील एक मूलभूत तत्त्व दडलेले आहे, ते असे की थोड्यावरून सगळ्याचे अनुमान करायचे असेल तर ते थोडे पक्षपात न करता निवडले पाहिजे. शाळकरी मुलाला हे तत्त्व येथे हाताने शिकता येते.

बियाण्याच्या दालनात शेजारच्या कोरेगाव तालुक्याचा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला वाघ्या घेवडा दिसला तर तो हातात घेऊन पाहावा. त्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे. देशी वाणांचा विषय निघाला म्हणजे अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी घरोघरची जुनी बियाणी जमवून त्यांची बँक उभी केली, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मडक्यात, राखेत, कणगीत बी राखणे हे आपल्याकडे घरातल्या बायकांचेच काम होते, ते करताना दाण्याची पारख त्यांच्याइतकी कोणाला नव्हती, आणि तरीही शेतकी प्रदर्शनाला बायका आल्या की त्यांना पापड-लोणच्यांच्या दुकानांकडे वळवले जाते, ही रीत आता मोडली पाहिजे.

मुलांचे पाय मात्र आपण होऊन थबकतात ते मधमाश्यांच्या पेटीसमोर, आणि त्यांना तेथून ओढू नये. सातारा जिल्ह्याचा या विद्येशी जुना संबंध आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव 2022 पासून मधाचे गाव म्हणून ओळखले जाते. पेटीत पाळली जाते ती सातेरी मधमाशी. रानातल्या कड्यांवर आणि उंच झाडांवर मोठी पोळी बांधणारी आग्या माशी पेटीत नांदत नाही, कारण तिला उघड्यावर एकच मोठे पोळे बांधायची सवय, तर सातेरी अंधाऱ्या पोकळीत समांतर अनेक पोळी बांधते. पेटीतल्या चौकटी म्हणजे त्या झाडाच्या ढोलीची केलेली नक्कल आहे. एक राणी, थोडे नर आणि हजारो कामकरी माश्या. फुलांतून आणलेल्या पातळ रसातले पाणी पंखांच्या वाऱ्याने आटवून त्याचा मध करणे. आणि भर हंगामात कामकरी माशीला लाभणारे जेमतेम सहा आठवड्यांचे आयुष्य. एवढे ऐकूनच मुले हरखून जातात. त्यांच्या आईबापांनी मात्र दुसरी गोष्ट ऐकावी. सूर्यफूल आणि बियाण्यासाठी लावलेला कांदा अशा पिकांत दाणा भरायला परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जावे लागतात, आणि ते काम पुष्कळ अंशी माश्या करतात. म्हणून पीक फुलावर असताना दिवसाउजेडी विषारी औषध फवारणारा शेतकरी आपल्याच मजुरांवर फवारत असतो.

ठिबक सिंचन, रेशीम, मत्स्यपालन, प्रक्रिया उद्योग यांची दालनेही असतात आणि आवडीप्रमाणे ती पाहावीत. कर्ण्यावरून ओरडणाऱ्या विक्रेत्यांचे आवाज गेल्या काही वर्षांत वाढत चालले आहेत, आणि माहितीचे फलक मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, बारीक अक्षरांत टांगलेले असतात. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी मुलांच्या उंचीवर एक फलक लावला, दोन पाट्या माती हाताळायला मोकळ्या ठेवल्या आणि सकाळचे दोन तास कर्णा बंद ठेवला, तर मंडपाला येणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढेल याबद्दल मला शंका नाही.

केंद्र शासनात शेतीचे खाते सांभाळणाऱ्या आणि अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी 1959 च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवले, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्यासाठी आले होते, आणि त्यांच्या देशाच्या दालनाचे सूत्र अन्न, कुटुंब, मैत्री व स्वातंत्र्य या चार शब्दांत बांधलेले होते. त्यांतील दुसरा शब्द आपल्या जत्रेत खरा व्हावा असे मला मनापासून वाटते. शेतीतला जवळजवळ प्रत्येक निर्णय घरात होतो. कोणते बी राखायचे, गाय ठेवायची की विकायची, कर्ज काढून यंत्र घ्यायचे की भाड्याने आणायचे, याचे ओझे शेवटी साऱ्या घरावर पडते. मग ते निर्णय ज्या ज्ञानावर घ्यायचे ते ज्ञान एकट्या पुरुषाने ऐकून, छापील पत्रकाची घडी खिशात घालून घरी आणावे आणि बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर विसंबावे, हे युक्त नव्हे. आईने मातीच्या दालनात ऐकले, मुलीने दात मोजले, आजोबांनी पाभरीवर हात फिरवला आणि बापाने यंत्राची किंमत विचारली, तर रात्री परतताना त्या घरात जे बोलणे होईल, त्यातून पुढचा हंगाम ठरेल.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. यंदा जत्रेला जाल तेव्हा सकाळी लवकर, ऊन आणि गर्दी वाढण्यापूर्वी, साऱ्या घराने मिळून जा. परत आल्यावर, ज्यांच्या घरी सोयाबीनचे सरळ वाणाचे बियाणे राखलेले असेल, त्यांनी ते सुकवून पोती न आदळता ठेवावे, कारण या दाण्याचे साल पातळ असते आणि आदळण्याने आतला अंकुर दुखावतो. मग पेरणीपूर्वी ज्येष्ठात एक गोणपाट ओले करून त्यावर दहा ओळींत दहा-दहा असे शंभर दाणे मांडावेत, ते गुंडाळून सावलीत ठेवावे, रोज पाणी शिंपडावे आणि सहा-सात दिवसांनी उलगडावे. सत्तर किंवा अधिक दाण्यांना चांगला कोंब आला असेल तर बी पेरण्यास योग्य आहे. ती मोजणी घरातल्या सर्वांत लहान मुलाला करू द्या.